हवेचा तराजू

कळवणच्या बाजारांतून निघालेली डीझेल गाडी सप्तशृंगगडाच्या वाटेस लागते आणि नांदुरीचा घाट चढूं लागते. अर्ध्या चढणीवर तिचा जोर एकाएकीं खचतो, चालकासमोरील फलकावर पिवळा दिवा लागतो. तपासणीचें यंत्र सांगतें कीं, दोष हवेच्या दाबाच्या नोंदींत आहे. मग दाब मोजणारा लहानसा संवेदक, ज्याला मिस्त्री लोक ‘सेन्सर’ म्हणतात, तो बदलला जातो. पैसे जातात, आणि पुढच्या चढणीस दिवा पुन्हां लागतो. दोष मापकाचा आहे कीं मोजल्या जाणाऱ्या हवेचा, हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. वस्तुतः तो प्रश्न मोटारीच्या जन्मापूर्वीं दोनशें वर्षांहून अधिक काळ आधीं विचारला गेला होता, आणि त्याचें उत्तर काढण्याची रीतही तेव्हांच सांपडली होती.

इटलींतील टॉरिचेली यानें १६४४ सालीं एका पत्रांत पाऱ्याच्या नळीच्या प्रयोगाचें वर्णन केलें. मनुष्य हवेच्या समुद्राच्या तळाशीं राहतो आणि त्या समुद्राचा भारच नळींतील पारा तोलून धरतो, असें त्याचें प्रतिपादन होतें. तें खरें असेल तर डोंगरावर पारा खालीं उतरला पाहिजे. पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून त्याचा मेहुणा पेरिए यानें १९ सप्टेंबर १६४८ रोजीं ही परीक्षा घेतली. क्लेरमाँ गांवांतील एका मठाच्या बागेंत त्यानें दोन नळ्या भरल्या व दोहोंतील पारा समान उंचीवर आहे हें प्रथम पाहिलें. एक नळी तेथेंच ठेवून दिवसभर तिजकडे लक्ष देण्यास एका साधूस बसविलें. दुसरीचें साहित्य घेऊन तो पुई-द-डोम पर्वतावर चढला. माथ्यावर पारा तीन इंचांहून अधिक उतरला. खालीं येतांच तो पुन्हां पूर्वींच्या उंचीवर आला. आणि बागेंतील पारा दिवसभर हालला नव्हता.

या प्रयोगाचें खरें मर्म पर्वताइतकेंच बागेंतही आहे. नुसता पारा उतरल्यानें कांहींच सिद्ध झालें नसतें. यंत्र बिघडलें असेल किंवा दिवसाची हवा पालटली असेल, अशी शंका राहिलीच असती. परंतु दोन्ही मापनें आरंभीं जुळलीं व शेवटीं जुळलीं, म्हणून यंत्र खरें ठरलें. आणि खालची नळी स्थिर राहिली, म्हणून हवा पालटली नाहीं हें ठरलें. साक्षीदाराची साक्ष घेण्यापूर्वीं त्या साक्षीदाराचीच परीक्षा घ्यावी, हा धडा पेरिएनें घालून दिला.

पुढें एंजिनें निघालीं आणि त्याच विरळ हवेनें त्यांचा दम कोंडला. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी यानें १९०५ सालीं एका युक्तीचें पेटंट घेतलें. एंजिनाचा वायां जाणारा धूर एक चक्र फिरवितो, आणि त्याच दांड्यावरील दुसरें चक्र बाहेरची हवा दाबून एंजिनांत कोंबतें. एंजिन जणूं स्वतःच्याच उच्छ्वासानें आपली चूल फुंकतें. हाच टर्बोचार्जर. अमेरिकेंत सॅनफर्ड मॉस यानें १९१८ सालीं पाइक्स पीक या सुमारें ४३०० मीटर उंच शिखरावर विमानाचें एंजिन चालवून पाहिलें. समुद्रसपाटीस ३५० अश्वशक्ति देणारें तें एंजिन शिखरावर २३० पर्यंत खालावलें. टर्बोचार्जर जोडतांच त्यानें ३५६ अश्वशक्ति दिली. १९६२ सालीं ही योजना अमेरिकन मोटारगाड्यांत आली. नाशिक जिल्ह्यालाही ती अपरिचित राहिली नाहीं. २००२ सालीं बाजारांत आलेली महिंद्रची स्कॉर्पिओ नाशिकच्या कारखान्यांत तयार होत असे आणि तिचें डीझेल एंजिन टर्बोचार्जरचें होतें.

कोंबलेल्या हवेच्या प्रमाणांत इंधन द्यावयाचें तर ती हवा मोजली पाहिजे. १९६७ सालीं बॉश कंपनीनें आपल्या पेट्रोल-फवारणीच्या यंत्रणेंत त्यासाठीं हवा काढलेल्या धातूच्या डब्या वापरल्या. त्यापूर्वींच, १९५४ सालीं, चार्ल्स स्मिथ यानें सिलिकॉनवर ताण पडला असतां त्याचा विद्युत्-रोध बदलतो हें दाखविलें होतें. आजच्या संवेदकांत याच सिलिकॉनचा पातळ पापुद्रा असतो. दाबानें तो वांकतो, आणि त्या वांकण्याची वार्ता तारेवाटे एंजिनाच्या संगणकास मिळते. पाऱ्याच्या नळीचें काम आतां नखाएवढा तुकडा करतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम देशभर लागू झाले, तेव्हांपासून या वार्तेचें महत्त्व अधिकच वाढलें आहे.

मग वार्ता संशयास्पद वाटल्यास काय करावें? पेरिएनें केलें तेंच. एंजिन बंद ठेवून केवळ किल्ली फिरवावी. त्या वेळीं आंतला दाब व बाहेरचा दाब एकच असतो. कळवण समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंच असल्यानें तेथें संवेदकानें सुमारें ९४ किलोपास्कल दाखविले पाहिजेत. गडाकडे चढतांना दर १०० मीटरांस सुमारें एक किलोपास्कल उतरला पाहिजे. येथें एक फसगत संभवते. हवामानाच्या नकाशांवरील आंकडे समुद्रसपाटीच्या हिशोबानें दिलेले असतात. त्यांच्याशीं ताडून पाहिल्यास निर्दोष संवेदकही खोटा ठरेल.

आंकडा चुकला तर संवेदक बदलण्यापूर्वीं त्याचें तोंड काजळीनें व तेलानें बुजलें आहे काय, त्याला पांच व्होल्टचा पुरवठा मिळतो काय आणि जोडणीस गंज चढला आहे काय, हें पाहावें. आंकडा बरोबर आला, तरी भाराखालीं तो खरा राहतोच असें नाहीं. म्हणून त्याच नळीवर दुसरा दाबमापक जोडून चढणीवर दोन्ही आंकडे ताडावे. ते जुळले आणि दाब मात्र अपुरा भरला, तर संवेदक खरें बोलतो आहे. दोष फाटलेल्या रबरी नळींत, सैल पट्ट्यांत किंवा अडकलेल्या टर्बोचार्जरमध्यें शोधावा. नळ्यांत बेताची हवा भरून वरून साबणाचें पाणी लावलें कीं बुडबुडे गळतीची जागा दाखवितात. यंत्रावर उमटणाऱ्या खुणाही हा भेद ओळखतात. ‘पी ०२३५’ ही खूण संवेदकाच्या विद्युत्-मंडळाकडे बोट दाखविते. ‘पी ०२९९’ ही फक्त दाब कमी पडतो एवढेंच सांगते.

लंकेच्या दरबारांत बिभीषणानें रावणास सांगितलें होतें कीं दूत अवध्य असतो. वाईट वार्ता आणली म्हणून संवेदकास काढून फेंकणारा मनुष्य तीच चूक करतो, आणि तिची किंमत गाडीच्या मालकास भरावी लागते. क्लेरमाँच्या बागेंत दिवसभर एका नळीकडे पाहत बसलेल्या साधूनें कोणताही पर्वत चढला नाहीं. पण त्याच्या बसण्यावांचून पर्वतावरील मापनाला अर्थ आला नसता.