कोविशिल्डमधल्या एका कळीची कुळकथा

मार्च 2021. साठीपुढच्यांचं लसीकरण सुरू झालं तशी आईला घेऊन राजाजीनगरातल्या केंद्रावर गेलो. नर्सनं 'अज्जी, नोडी' म्हणत कोविशिल्डची कुपी समोर धरली. आईनं चष्मा सारखा केला आणि पत्ता वाचला: हडपसर, पुणे. बंगळुरात जन्म गेलेल्या बाईला तेवढ्यानं धीर आला. मी वाचत होतो ती बारीक अक्षरं: चिंपांझीचा ॲडिनोव्हायरस, एचईके 293 पेशी. या शब्दांना कूळ आहे, आणि ते सांगण्याजोगं आहे.

डीएनए असलेले बहुतेक विषाणू पेशीत शिरल्यावर सगळी जनुकं एकदम चालवत नाहीत. आधी मोजकीच जागी होतात आणि बाकीच्यांना वाट करून देतात. ही पहिली घटका फार नाजूक असते. विषाणूला पेशीचीच यंत्रणा वापरायची असते. पेशी त्याचा डीएनए ओळखून गप्प करू पाहते. कोविशिल्ड उभी आहे ती या घटकेच्या ज्ञानावर.

1953 साली अमेरिकेत वॉलेस रो आणि त्यांचे सहकारी लहान मुलांच्या नाकामागच्या, शस्त्रक्रियेत काढलेल्या ॲडिनॉइड ग्रंथी प्रयोगशाळेत वाढवत होते. त्यातल्या पेशी आपोआप मरू लागल्या आणि ॲडिनोव्हायरस हाती लागला. 1956 साली तसल्याच ग्रंथींतून रो यांना दुसरा एक विषाणू मिळाला. तो पेशींना फुगवून मोठं करत होता. पुढे त्याला सायटोमेगॅलोव्हायरस म्हणू लागले. आपल्या लसीचे दोन्ही धागे असे पोरांच्या घशापाशी सुरू होतात, याचं मला अजून नवल वाटतं.

ॲडिनोव्हायरसचं पहिलं जनुक म्हणजे ई1ए. ते चाललं नाही तर पुढचा कारभार अडतो. 1973 साली नेदरलँड्समधल्या लायडन इथं फ्रँक ग्रॅहम यांनी या विषाणूच्या डीएनएचे तुकडे मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत घातले. 293व्या प्रयोगातल्या पेशी टिकल्या, वाढत राहिल्या, आणि ई1ए ज्यात येतं तो ई1चा भाग त्यांच्यात कायमचा वस्तीला आला. आता विषाणूतून ई1 कापून टाकला तरी या पेशींत तो वाढतो, कारण उणीव त्या भरून काढतात. आपल्या दंडात मात्र तशी सोय नाही, म्हणून तिथं तो वाढत नाही. कोविशिल्ड मुळात घडवणाऱ्या ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी चिंपांझीच्या विषाणूतून हाच भाग काढला आणि रिकाम्या जागी करोनाच्या काटेरी प्रथिनाचं जनुक बसवलं.

पण जनुक बसवून भागत नाही, त्याला चालू करणारी कळ लागते. ती आली सायटोमेगॅलोव्हायरसकडून. त्याच्या अगदी पहिल्या जनुकांपुढचा हा डीएनएचा पट्टा किती जोरकस आहे, ते 1985 साली प्रसिद्ध झालं. या कळीवर पेशीच्याच नियामक प्रथिनांना बसायला अनेक जागा आहेत. त्यामुळे विषाणूचं एकही नवं प्रथिन तयार नसताना ती चालते. पेशीही हातावर हात ठेवून बसत नाही: केंद्रकातलं डॅक्स नावाचं प्रथिन ती कळ अडवून धरतं. त्यावर उतारा म्हणून मूळ विषाणू पीपी71 हे प्रथिन सोबत घेऊनच शिरतो आणि डॅक्सचा काटा काढतो. लसीत हे प्रथिन नाही. उसनी घेतली आहे ती फक्त कळ.

इतकी जोरकस कळ लस बनवतानाच चालू राहिली, तर पेशी काटेरी प्रथिनच करत बसतील आणि विषाणूचं पीक घटेल. म्हणून कळीला कुलूप लावलं. कुलपाची कल्पना पॅरिसची: जाकोब आणि मोनो यांनी 1961 साली दाखवून दिलं की जीवाणूंत एक दमनकारी घटक जनुकांना गप्प ठेवतो. जीवाणूत निजून राहणाऱ्या लॅम्डा विषाणूचाही त्या विचारात मोठा वाटा होता. लसीसाठी वापरलेला दमनकर्ता टेट्रासायक्लिनला दाद न देणाऱ्या जीवाणूंकडून घेतला. उत्पादनाच्या पेशींत तो कळीशेजारी बसून राहतो.

दुसऱ्या दिवशी आईच्या दंडाला चांगलीच कळ लागली. अर्ध्या मिलिलिटरच्या त्या एका मात्रेत विषाणूचे 50 अब्ज कण होते, आणि तिच्या पेशींत तो दमनकर्ता नव्हता.