बोंबील : एका माशाचा दूरवरचा प्रवास

पांढुर्णा-सौंसर हा आमचा मुलूख समुद्रापासून शेकडो मैल दूर. आमची जाम नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते पाणी अखेर गोदावरीतून बंगालच्या उपसागरास जाते. समुद्राशी आमचे निसर्गाने जोडलेले नाते एवढेच. तरीही किडकिडीत माणसाला ‘सुका बोंबील’ म्हटले की त्याचा अर्थ मराठी बोलणाऱ्याला सांगावा लागत नाही. किनाऱ्यावरचा हा लहानसा मासा भाषेत आणि बाजारात इतक्या आतवर कसा आला, याचे उत्तर आधी त्याच्या शरीरात शोधावे लागते.

ताज्या बोंबिलाच्या अंगात ८५ ते ९० टक्के पाणीच असते. मांस लिबलिबीत, हाडे मऊ, रंग काचेसारखा फिकट. दिसायला असा दुबळा असला तरी त्याचा जबडा मोठा आणि दात सुईसारखे, आत वळलेले. जवळा, कोळंबी, लहान मासे, प्रसंगी स्वतःच्याच जातीची पिल्लेही तो गिळतो. तो थव्याने राहतो आणि भरती-ओहोटीच्या वेगवान, गढूळ पाण्यात वावरतो. म्हणून कोळ्यांनी त्याचा पाठलाग केला नाही. प्रवाहाच्या तोंडाशी खुंटांना डोल जाळे बांधले आणि पाण्यालाच मासा आणू दिला.

असा पाणीदार मासा उन्हाच्या दिवसांत काही तासही टिकत नाही. वाळवणे हाच उपाय. दोन बोंबिलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूच्या आडव्या दांड्यांवर टांगतात. ऊन आणि वारा यांनी पाणी गेले की जो उरतो तो हलका, स्वस्त आणि महिनोन्‌महिने टिकणारा. जे त्याचे उणेपण, तेच त्याच्या प्रवासाचे कारण ठरले.

१६७३ मध्ये मुंबईस आलेला ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर याने माझगाव या माशासाठी प्रसिद्ध असल्याचे आणि गरिबांचा त्यावर निर्वाह होत असल्याचे नोंदवले. त्याचा ग्रंथ १६९८ मध्ये छापला गेला. इंग्रजांनी पुढे या माशाला ‘बॉम्बे डक’ म्हटले. ‘बॉम्बे डाक’ गाडीतून येणाऱ्या त्याच्या वासावरून हे नाव पडले, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. कथा गमतीची आहे, पण काळाच्या कसोटीस उतरत नाही. मुंबई-ठाणे आगगाडी धावली १८५३ मध्ये. हे नाव मात्र १८२९ च्या एका इंग्रजी पुस्तकात आढळते. आगगाडीने बोंबिलाला नाव दिले नाही. तिने त्याला वाट दिली. १८६७ मध्ये मुंबईचा लोहमार्ग नागपुरास पोहोचला आणि सुक्या मालाला आतला प्रदेश जवळ आला.

या माशाचा पहिला शास्त्रीय परिचय मात्र मुंबईकडून आलेला नाही. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेतील माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले. बंगालीत त्याला ‘लोटे’ म्हणतात. गुजरात-मुंबईचा किनारा आणि बंगालच्या उपसागराचा उत्तर भाग अशा दोन टोकांना तो विपुल. रत्नागिरीच्या दक्षिणेस विरळ. आमच्या नद्या पूर्वेच्या समुद्राला जातात, बोंबील पश्चिमेच्या समुद्राकडून येतो. आणि त्या दोन्ही समुद्रांत त्याचे घर आहे.

डोल जाळ्याच्या टोकाची वीण बारीक असते. तीत मोठ्या माशांबरोबर पिल्लेही सापडतात. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवले. बोंबिलासाठी ते १८० मिलिमीटर आहे. हा नियम किनाऱ्याचा असला तरी त्याच्याशी आमचाही संबंध आहे. बाजारातल्या ढिगात बोटाएवढे बोंबील दिसले, तर ती स्वस्ताई नसून पुढच्या हंगामाची उचल होय, हे समुद्र न पाहिलेल्या गिऱ्हाईकानेही जाणावे. तीनशे वर्षे गरिबाच्या ताटाला आधार देणारा मासा केवळ म्हणीपुरता उरू नये.