‘असेंबल’ म्हणजे नेमकं काय? चाकणच्या लाइनवरचा शब्द आणि १.४ अब्ज डॉलरचा वाद

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात ‘असेंबली’ हा शब्द आता मराठीच झाला आहे. ‘तो असेंबलीला आहे’ म्हटलं की तो गाडीचे भाग जोडणाऱ्या लाइनवर काम करतो, हे लगेच कळतं. हा शब्द ‘असेंबल’ या इंग्रजी क्रियापदापासून आला. त्याचा अर्थ काय आणि तो कुठे वापरायचा?

अर्थ दोन

१. माणसांनी एका ठिकाणी जमणं. कामगार गेटवर जमले, मुलं परिपाठाला मैदानात जमली, अशा ठिकाणी ‘असेंबल’ चालतं. विधानसभेला इंग्रजीत ‘लेजिस्लेटिव्ह असेंबली’ म्हणतात, ते यावरूनच. कायद्यातही हा शब्द आहे. बेकायदेशीर हेतूने एकत्र आलेले पाच किंवा जास्त लोक म्हणजे ‘अनलॉफुल असेंबली’, अर्थात बेकायदेशीर जमाव. आधी हे भारतीय दंड संहितेच्या कलम १४१ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १८९ मध्ये आहे.

२. सुटे भाग जोडून वस्तू तयार करणं. मराठीत याला जुळणी किंवा जोडणी म्हणतात. फोर्डने १९१३ मध्ये अमेरिकेत सरकती असेंबली लाइन सुरू केली आणि हा अर्थ जगभरातल्या कारखान्यांत पोहोचला.

‘कलेक्ट’ आणि ‘असेंबल’ यांत फरक काय?

नट, बोल्ट, दरवाजे, इंजिन एका ठिकाणी आणून ठेवले, तर ते ‘कलेक्ट’ किंवा ‘गॅदर’. त्यांची कार झाली, तर ‘असेंबल’. म्हणून तिकिटं, नाणी, वर्गणी ‘असेंबल’ करत नाहीत, ‘कलेक्ट’ करतात.

हा फरक किती महाग पडतो?

बाहेरून आलेल्या तयार कारवर आयात शुल्क जास्त असतं. जुळणीसाठी आलेल्या पूर्ण संचावर, म्हणजे ‘सीकेडी’वर, ते कमी असतं. वेगवेगळ्या सुट्या भागांवर आणखी कमी.

चाकण आणि शेंद्रा इथे कारखाने असलेल्या स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाला सप्टेंबर २०२४ मध्ये सीमाशुल्क विभागाने १.४ अब्ज डॉलरच्या करमागणीची नोटीस दिली. कंपनीने जवळपास अख्खी कार सुट्या रूपात आणली, पण वेगवेगळे भाग दाखवून ३०-३५ टक्क्यांऐवजी ५-१५ टक्के शुल्क भरलं, असा विभागाचा आरोप आहे. कंपनीने तो फेटाळला आणि २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. वादाचा मुद्दा हाच: आलेले भाग सुटे समजायचे, की जुळणीची वाट पाहणारी कार?

लक्षात ठेवा

‘असेंबल्ड इन इंडिया’ लिहिलं असेल, तर जुळणी इथे झाली एवढंच समजायचं. सगळे भागही इथेच बनले, असा त्याचा अर्थ होत नाही.