खानावळवाली आणि गिरणीकामगार

श्रोतेहो, मुंबईस गेल्यावर कोठे जेवावे हे आपण आज चवीवरून ठरवितो. गिरणगावातल्या कामगाराला ती चैन नव्हती. आपल्याकडे १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली. येथे पुष्कळ विणकरी कुटुंबे बायकामुलांसह आली व घरीच जेवली. मुंबईचा कामगार बहुधा एकटा. परळ-लालबागच्या एका खोलीत पाळीपाळीने निजणारा हा गडी प्रथम विचारी : बाई कुठल्या गावची? आणि मग : उधार देते का? पगार महिन्याने होई. तोवर जी जेवू घाली, ती खानावळ त्याची.

त्या गावपणात जिव्हाळा होता, हे खरेच. पण त्यात जातही मुकाट्याने बसलेली असे. अस्पृश्याला हॉटेलात मज्जाव करणे १९५५ च्या कायद्याने गुन्हा ठरले. घरगुती पंक्तीचा प्रश्न त्याने कसा सुटावा?

संप झाला की पुढाऱ्यांची नावे छापून येत. आम्ही कामगार चळवळीतली माणसे विचारतो, त्या दिवसांत कामगार जेवला कोणाकडे? पगार थांबला की बाईची वसुली थांबे, वाण्याचे आणि सावकाराचे देणे मात्र चढे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. पुढे १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. गावी गेलेले कित्येक परतलेच नाहीत. त्यांची उधारी बायांच्या माथी राहिली.