पक्षाघातातील स्नायुक्षय व शय्याविश्रांती

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा गुठळीमुळे अडला किंवा तेथील रक्तवाहिनी फुटली, तर बहुधा शरीराच्या एका बाजूची हालचाल बंद पडते. यास पक्षाघात म्हणतात. विकार मेंदूचा असला, तरी रुग्ण पुन्हा उभा राहणे हे रुग्णालयातील पहिल्या आठवड्यांत त्याचे स्नायू किती टिकतात यावरही अवलंबून असते. हे वैद्यकाच्या ध्यानी येण्यास फार काळ लागला.

स्विस वैद्य योहान याकोप व्हेप्फर यांनी १६५८ मध्ये शवविच्छेदनाच्या आधारे या झटक्याचा मेंदूतील रक्तस्रावाशी संबंध दाखविला. रोगाचे स्थान कळले, तरी रुग्णाला निजवून ठेवण्याची रूढी कायम राहिली. जॉन हिल्टन या इंग्रज शस्त्रवैद्याच्या १८६३ मधील ग्रंथाने विश्रांतीच्या महतीला शास्त्रीय प्रतिष्ठा दिली. तिला उघड आव्हान दिले ते रिचर्ड ॲशर यांनी. १९४७ मधील एका लेखात त्यांनी अंथरुणाचे धोके अवयववार मांडले. स्नायू झडणे व सांधे आखडणे हे त्यांपैकीच होत. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क येथील डीट्रिक, व्हीडन व शॉर यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. चार निरोगी तरुणांना कमरेपासून पायांपर्यंत प्लास्टरमध्ये सहा ते सात आठवडे निजविले असता मूत्रावाटे नायट्रोजन अधिक जाऊ लागला, म्हणजेच प्रथिने घटली, आणि मांड्या-पोटऱ्या बारीक झाल्या. धडधाकट माणसाची ही गत, तर वृद्ध रुग्णाची काय होणार?

पक्षाघातात हा ऱ्हास अनेक वाटांनी होतो. लुळ्या बाजूस मेंदूच्या आज्ञा पोहोचत नाहीत. घास नीट गिळता न आल्याने अन्न कमी पडते. फुप्फुसाचा संसर्ग झाल्यास ज्वरात प्रथिने आणखी खर्ची पडतात. विशेष हे, की ज्या ‘चांगल्या’ पायावर रुग्णाने उभे राहावयाचे, तोही अंथरुणात दुबळा होतो. शिवाय वयोमानाने स्नायू आधीच घटलेले असतात. या घटीस अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८८ मध्ये ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचविले.

नॉर्वेतील ट्रोनहेम येथे पक्षाघाताच्या स्वतंत्र कक्षात रुग्णांस लवकर हालते करण्यावर भर होता. १९९१ मधील अहवालानुसार सहा आठवड्यांनी तेथील निम्म्याहून अधिक रुग्ण घरी होते. सर्वसाधारण कक्षातील सुमारे एकतृतीयांशच. तथापि हे श्रेय एकट्या हालचालीचे नव्हे. कक्षातील एकूण शुश्रूषाच निराळी होती. पूरक आहाराबाबतची आशाही फोल ठरली : ४,०२३ रुग्णांवरील, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सरसकट दिलेल्या पूरक आहाराने लक्षणीय लाभ दिसला नाही.

घाईलाही मर्यादा आहे. पाच देशांतील २,१०४ रुग्णांच्या ‘ॲव्हर्ट’ चाचणीत (२०१५) पहिल्या २४ तासांत अधिक वेळा व अधिक काळ उठविलेल्यांपैकी ४६ टक्के, तर नेहमीची शुश्रूषा लाभलेल्यांपैकी ५० टक्के रुग्ण तीन महिन्यांनी बऱ्या स्थितीत होते. याच माहितीच्या पुढील विश्लेषणात, थोडा वेळ पण वारंवार उठविणे हे अधिक चांगल्या परिणामाशी निगडित आढळले.