गालिब यांची हवेली : भाडेकरू शायराचं शेवटचं घर

जुन्या दिल्लीतल्या बल्लीमारान मोहल्ल्यात गली कासिम जान नावाची एक अरुंद गल्ली आहे. उर्दू आणि फारसीचे थोर शायर मिर्झा असदुल्ला खान गालिब (१७९७-१८६९) यांनी आयुष्याची शेवटची वर्षं याच गल्लीतल्या एका हवेलीत काढली. ज्यांच्या नावाने ही गल्ली ओळखली जाते ते नवाब कासिम जान गालिब यांच्या पत्नी उमराव बेगम यांच्याच घराण्यातले.

बांधणी

हवेली मुघल काळातल्या शहरी घरांच्या धाटणीची आहे. पातळ लाखौरी विटा, चुन्याचा गिलावा, कमानी, मोठा लाकडी दरवाजा आणि आत मोकळं अंगण. अशा घरांची तोंडं रस्त्याकडे नसून अंगणाकडे असतात. त्यामुळे गल्लीत कितीही गर्दी असली तरी घरात उजेड, हवा आणि पडदा तिन्ही मिळतं. पाहुण्यांची बैठक पुढे आणि जनाना आत, अशी या घरांची पद्धत असे.

राहणारा माणूस

गालिब जन्मले आग्र्यात, पण तरुणपणीच दिल्लीत आले आणि इथलेच झाले. तरीही आयुष्यभरात त्यांनी स्वतःचं घर कधी घेतलं नाही. एका भाड्याच्या घरातून दुसऱ्या घरात असंच चाललं. त्यांना सात मुलं झाली, पण एकही जगलं नाही. उमराव बेगम यांचा भाचा आरिफ याला त्यांनी मुलासारखं वागवलं. १८५२ मध्ये तोही गेला. मग त्याची दोन लहान मुलं, बाकर अली आणि हुसेन अली, या म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात वाढली.

१८५७ च्या बंडानंतर इंग्रजांनी दिल्ली उजाड केली. गालिब यांची पेन्शन थांबली, ती १८६० मध्ये पुन्हा सुरू झाली. रामपूरच्या नवाबांकडून येणारे महिना शंभर रुपये हा मोठा आधार होता. दोस्तांना लिहिलेल्या पत्रांत ते गळक्या छपराची तक्रारही हसत-हसत करतात. १५ फेब्रुवारी १८६९ रोजी त्यांचा इंतेकाल झाला. मजार बस्ती निजामुद्दीनमध्ये आहे.

नंतर काय झालं?

पुढे या घरात दुकानं आणि कारखाने थाटले गेले. जिथे शायर बसायचा तिथे माल रचला जाऊ लागला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस दिल्ली सरकारने हवेलीचा काही भाग ताब्यात घेऊन दुरुस्त केला आणि तिथे स्मारक उभं केलं. म्हणजे आज आपण पाहतो ती पूर्ण हवेली नाही, वाचलेला तुकडा आहे.

इथे महाराष्ट्राचाही हात लागला आहे. डिसेंबर २०१० मध्ये हवेलीत बसवलेला गालिब यांचा अर्धपुतळा सोलापूरचे शिल्पकार भगवान रामपुरे यांनी घडवला. त्यासाठी गीतकार गुलजार यांनी पुढाकार घेतला होता.

दिल्लीला गेलात तर चावडी बाजार मेट्रो स्टेशनवरून पायी इथे जाता येतं. मुलांना जरूर न्या. आणि परत आल्यावर आपल्या गावच्या मोहल्ल्यातल्या जुन्या घरांकडेही एकदा नीट बघा. तिथे कोण राहत होतं, हे सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत. त्यांना विचारून लिहून ठेवा.