झेब्रा मासा आणि अस्थिजनक वृद्धिघटक : एका संशोधनपरंपरेचा मागोवा

वृद्धिघटकांचा विचार सामान्यतः पेशींची वाढ व विभाजन यांच्या संदर्भात केला जातो. परंतु हीच प्रथिने भ्रूणातील पेशींनी कोणते रूप घ्यावयाचे याचेही संकेत देतात, आणि या संकेतव्यवस्थेत बिघाड झाल्यास व्याधी उद्भवतात. विकास आणि व्याधी यांना जोडणारा दुवा झेब्रा माशाच्या अभ्यासातून कसा स्पष्ट झाला, हे ‘बीएमपी’ या वृद्धिघटककुलाच्या आधारे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या कुलाची ओळख झाली ती हाडांमुळे. अमेरिकन अस्थिशल्यविशारद मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये खनिजविरहित हाडाचे तुकडे प्राण्यांच्या स्नायूंत रोवले असता तेथे नवे हाड निर्माण झाले. त्यास कारणीभूत असणाऱ्या द्रव्यास पुढे ‘बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन’ हे नाव मिळाले, आणि १९८८ मध्ये त्याची मानवी जनुके हाती आली. बेडकांवरील प्रयोगांनी भ्रूणाची पाठ व पोट ठरविण्यातही या प्रथिनांचा वाटा असल्याचे सूचित केले. मात्र पृष्ठवंशीय भ्रूणास त्यांपैकी नेमके कोणते जनुक अपरिहार्य आहे, हे सांगण्यासाठी आनुवंशिक पुरावा आवश्यक होता.

तो पुरावा देणारा मासा मूळचा आपल्याच उपखंडातील. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील वैद्य फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगा व तिच्या उपनद्यांतील माशांवरील १८२२ च्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. त्याला प्रयोगशाळेत प्रतिष्ठा दिली ती ओरेगॉन विद्यापीठातील जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी. विषाणूंच्या आनुवंशिकीत नाव मिळविल्यानंतर ते १९६० च्या दशकाच्या अखेरीस या माशाकडे वळले, आणि त्यांचा पहिला महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला तो १९८१ मध्ये! शोधनिबंधांच्या संख्येवर गुणांकन करणाऱ्या आपल्या व्यवस्थेत अशा अध्यापकाचे काय झाले असते, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले. सहकाऱ्यांनी कार्य पुढे नेले.

मातेच्या शरीराबाहेर वाढणारे पारदर्शक भ्रूण हे या माशाचे मोठे वैशिष्ट्य. त्याचा लाभ घेऊन ट्युबिंगेन येथे क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड यांच्या आणि बोस्टन येथील गटांनी उत्परिवर्तनांचा व्यापक शोध घेतला. त्याचे ३७ शोधनिबंध १९९६ च्या डिसेंबरमध्ये ‘डेव्हलपमेंट’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात प्रसिद्ध झाले. येथे जनुक ठाऊक नसताना केवळ बाह्यरूपावरून नावे दिली गेली. ‘स्वर्ल’ या उत्परिवर्तनात पाठीकडील भाग फाजील विस्तारतो व पोटाकडील ऊती तयार होत नाहीत. ‘स्नेलहाउस’मध्ये शरीर गोगलगाईच्या शंखासारखे वळते. ‘स्वर्ल’चे जनुक बीएमपी-२बी असल्याचे १९९७ मध्ये, तर ‘स्नेलहाउस’चे बीएमपी-७ असल्याचे २००० मध्ये सिद्ध झाले. अगोदर गृहीतक मांडून जनुक निवडले असते, तर ही सांगड इतक्या निःसंदिग्धपणे पुढे आली नसती, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

याच शोधात शेपटीच्या पराचा पोटाकडील भाग नसलेले ‘लॉस्ट-अ-फिन’ हे उत्परिवर्तन आढळले होते. त्यातील दोष बीएमपीच्या एका ग्राही प्रथिनात असल्याचे २००१ मध्ये निष्पन्न झाले. पाच वर्षांनी, २००६ मध्ये, मानवातील त्याच्या निकटच्या ‘एसीव्हीआर-१’ या ग्राहीतील बदल एका दुर्मीळ व्याधीचे कारण ठरला. फायब्रोडिस्प्लाझिया ऑसिफिकन्स प्रोग्रेसिव्हा ही ती व्याधी. तीत जन्मतः पायांचे अंगठे सदोष असतात आणि पुढे स्नायू व संयोजी ऊतींच्या जागी हाड तयार होऊन सांधे कायमचे जखडतात. युरिस्ट यांनी प्रयोगाने घडविले ते येथे रुग्णाच्या शरीरात आपोआप घडत असते.

माशामध्ये ग्राही निकामी, रुग्णामध्ये तो अतिसक्रिय. म्हणजे परिणाम परस्परविरुद्ध. हे ध्यानात घेतल्यास पुढील दोन प्रयोगांचे मर्म कळते. साडेसात हजारांहून अधिक रसायने माशांच्या भ्रूणांवर तपासून, ‘स्वर्ल’प्रमाणे पाठीकडील भाग वाढविणारे ‘डॉर्सोमॉर्फिन’ हे बीएमपीरोधक निवडण्यात आले. ते संशोधन २००८ चे. हे रसायन अन्य एन्झाइमांवरही परिणाम करीत असल्याने औषध म्हणून जसेच्या तसे उपयोगी नव्हते, परंतु त्यावरून अधिक नेमके रोधक घडविता आले. २००९ मध्ये रुग्णांतील सदोष मानवी ग्राही माशाच्या भ्रूणात उतरविला गेला, तेव्हा त्याचा पोटाकडील भाग वाढला आणि पाठीकडील भाग खुरटला. बीएमपीचा संकेत मिळाला नसतानाही हा ग्राही काही प्रमाणात कार्यरत राहतो, हेही त्याच संशोधनात दिसून आले.